शंभर मीटर पश्चिमेला

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज ऑफिसात मी एकटीच राणी. संस्थाप्रमुख भाग्येशभाऊ लोणखेड्याला भाच्याच्या साखरपुड्याला, चेतना धुळ्याला आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला, आणि नवलसिंगभाऊ नेहमीसारखे गळ्यात जीपीएस अडकवून तोरणमाळच्या वाटेला. सात नकाशे काढले. एकालाही दुसऱ्यांदा हात लावावा लागला नाही. वनहक्काच्या दाव्यांना नकाशा लागतो आणि आमच्या संस्थेत नकाशा म्हणजे गजाला, म्हणजे मी. चेतना इंजिनिअर असेल, नाशिकहून शिकून आली असेल. नकाशे मीच काढते.

राहिले बारा. ते नवलसिंगभाऊ मोजून आणतील. त्यात धनुबाई पावरांचं शेत आहे. बाईंचा दावा दोनदा परत आलाय, एकदा सहीवाचून, एकदा नकाशावाचून. या वेळी कोण परत पाठवतं ते बघतेच.

दुपारी वेळ उरला म्हणून संगणकावरच्या दुसऱ्या खिडकीत, प्रोग्रॅम बसवणाऱ्या पॅकेज मॅनेजरचं अपडेट उरकून टाकलं. तीन महिने कटकट चालली होती त्याची. चव्वेचाळीस गोष्टींची यादी दाखवून विचारलं, घेऊ का? म्हटलं, घे बाबा. मोठ्या खिडकीला अर्थातच हात लावला नाही. नकाशे तिच्यातूनच निघतात आणि मशीन सुरू व्हायला वीस मिनिटं घेतं, म्हणून ऑगस्टपासून ती उघडीच आहे. मॉनिटरवर माझ्याच अक्षरातला कागद चिकटवलाय: 'ही खिडकी बंद करू नये.'

रविवार, ९ नोव्हेंबर

अब्बांबरोबर रनाळ्याला गेले. दोधूआबांच्या मिरचीच्या शेडमध्ये मोठा वजनकाटा बिघडलाय म्हणे, आणि काटे दुरुस्त करणं हेच अब्बांचं काम. शिंकून शिंकून जीव गेला. अब्बांचं घरातलं बोलणं उर्दू, पण काट्याचं बोलणं अहिराणी, कारण गिऱ्हाईक अहिराणी.

आबा तणतणत होते. "हाऊ काटा चोर शे, अनीसभाई! पोत्यामांगे किलो खाई जास."

"आधी रिकामा देखू आबा. भरेल काटा कोनलेबी फसाडस."

सगळं वजन उतरवलं. रिकाम्या काट्याकडे अब्बा इतका वेळ बघत बसले की आबांनी दोनदा चहा मागवला. मग ताटलीत पाणी घेऊन काट्याच्या पाटावर ठेवलं. पाणी एका कडेला गेलं. काटा खरा होता, खालची फरशी खचली होती.

निघताना अब्बांनी पाटाच्या पोटाला खिळ्यानं नाव आणि तारीख कोरली. हे ते प्रत्येक काट्याला करतात. मी लहानपणापासून बघतेय, पण आज विचारलं, कशासाठी? म्हणाले, "खोटा निंघना ते कोना हात व्हता ते समजाले पायजे." चाळीस वर्षांत किती काटे परत आले असतील असं विचारलं तर नुसते हसले.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सकाळपासून लाइट नाही. इन्व्हर्टरनं दीडपर्यंत दम धरला, मग तोही गेला. माझी मोठी खिडकी गेली. लाइट आल्यावर मशीन पुन्हा सुरू केलं, खिडकी पुन्हा उघडली, सगळं होतं तसं. उगाच घाबरत होते.

चेतना परवा मशीनवर बसली होती. ग्राफ काढायचं काहीतरी बसवलं म्हणे. विचारून बसवलं, हे खरं. तरी मला आवडलं नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

बाराही नकाशे झाले, आजच प्रांतांच्या कार्यालयात पोहोचवले. दाव्यांच्या समितीची बैठक पंचवीसला. एकूण त्रेचाळीस. भाग्येशभाऊंनी सगळ्यांना फाफडा खाऊ घातला.

सोमवार, १७ नोव्हेंबर

आज जे झालं ते लिहिताना अजून कान तापताहेत.

नवलसिंगभाऊ धनुबाईंना घेऊन आले. बाईंकडे राहायच्या प्रतीवर त्यांचा अंगठा घ्यायचा होता. धनुबाईंना अक्षर येत नाही. त्यांनी नकाशा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि बोट ठेवून पावरी बोलीत काही विचारलं. नवलसिंगभाऊ म्हणाले, "नाला." बाईंनी लाल रेघेवर बोट ठेवलं. नवलसिंगभाऊ म्हणाले, "शेत." बाई हसायला लागल्या. मग एकदम हसायच्या थांबल्या आणि बरंच बोलल्या. नवलसिंगभाऊंनी मान खाली घालून मराठीत सांगितलं, "त्या विचारतात, मी नाल्यात ज्वारी पेरते का? आणि मोहाचं झाड कुठं नेलं?"

ताडून बघितलं तर बाराच्या बारा नकाशांत तेच. सगळी शेतं आपल्या जागेवरून शंभर मीटर पश्चिमेला. धनुबाईंच्या अख्ख्या शेताची रुंदीच तेवढी. ते नाला ओलांडून दुसऱ्याच वनकक्षात जाऊन बसलंय.

भाग्येशभाऊंनी हिशेब लगेच जुळवला. आधीचे एकतीस नकाशे बरोबर. चुकलेले बारा एकाच फेरीतले. फेरी कुणाची? "नवलसिंग, कथा फिरी उना रे भाऊ तू?"

नवलसिंगभाऊ एवढंच म्हणाले, "दगडादगडानं चाललो, साहेब."

त्यांची चाल मी दोनदा बघितलीय. पुढे शेताची मालकीण, बांधापलीकडे शेजारी, मध्ये भाऊ. हद्दीच्या प्रत्येक दगडाला मालकीण आणि शेजारी दोघांनी हात लावायचा, मगच भाऊ बटण दाबणार. हात लागला नाही तर बटण नाही. सोळा वर्षं असं चालणारा माणूस शंभर मीटर चुकतो?

भाग्येशभाऊंनी पत्राचा मसुदा केला: 'क्षेत्रीय मोजणीत त्रुटी आढळल्याने सदर बारा दावे पुढील बैठकीत घ्यावेत.' पुढची बैठक कधी ते देवालाही माहीत नाही. धनुबाईंचा दावा तिसऱ्यांदा परत. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी म्हटलं, पत्र पाठवू नका, मला पंचवीसपर्यंत वेळ द्या. "आणि नही सापडनं ते?" म्हटलं, सापडणार.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सापडलं! म्हणजे अर्धं सापडलं.

एकतीसमधला एक जुना नकाशा घेतला, ऑक्टोबरातला, कुणी बोट ठेवू शकणार नाही असा. तोच पुन्हा काढला. तोही सरकला! शंभर मीटर पश्चिमेला! म्हणजे नवलसिंगभाऊ बरोबर चालले. मशीन चुकतंय. मी खुर्चीतून उठून ओरडलेच.

भाग्येशभाऊंना काही आनंद झाला नाही. "समितीले काय सांगशी, मशीन येडं जयं? नाचता येईना अंगण वाकडं म्हनतीन. हातानं सरकाई दे ना शंभर मीटर. कोनले कळस?"

"इथे अंगणच वाकडं आहे, भाऊ. हातानं सरकवणार नाही. आज शंभर सरकवले तर उद्या कुणीतरी दोनशे सरकवायला सांगेल."

मग मी सर्वांसमोर विचारलं, दहा तारखेला मशीनवर कोण बसलं होतं? काय काय बसवलं? चेतनाचा चेहरा उतरला. म्हणाली, "आधी लॉग बघू या का? पॅकेज मॅनेजर प्रत्येक बदलाची नोंद ठेवतो." मी म्हटलं, लॉग बघायला मला शिकवू नकोस. बोलले ते बोलले. बारा नकाशे माझ्या नावावर आहेत, तिच्या नाहीत.

बुधवार, १९ नोव्हेंबर

दिवसभर मशीनशी कुस्ती. रात्री अब्बांनी विचारलं, नक्की कशाशी भांडतेस? त्यांना सांगता सांगता मलाच नीट कळलं, म्हणून तसंच लिहिते.

नवलसिंगभाऊंचं जीपीएस एका मापात बोलतं, वनखात्याचा जुना नकाशा दुसऱ्या मापात. आमच्याकडे दोहोंत शंभर मीटरचा फरक पडतो. तो भरून काढणारी एक फाइल आमच्या फोल्डरात आहे. फाइल कुठे आहे ते सांगणारी एक चिठ्ठी मशीनमध्ये लावलेली असते. तिला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात, पण ती चिठ्ठीच. पॅकेज मॅनेजर म्हणजे लागतील ते प्रोग्रॅम आणून बसवणारा गडी, तो नकाशाच्या कामाला एक वेगळी खोली करून देतो. आता त्या खोलीतल्या चिठ्ठीवर भलत्याच फोल्डराचं नाव दिसतंय. मी खोडून आमचं लिहिते, बरोबर होतं. पण नवी खिडकी उघडून खोलीत शिरले, की चिठ्ठी पुन्हा भलतीच! सहा वेळा बदलली. सहा वेळा त्यानं आपली लावली. तोही हट्टी, मीही हट्टी.

आणि सगळ्यात झोंबलं ते हे, की फाइल सापडली नाही तरी नकाशाचा प्रोग्रॅम ओरडत नाही. मुकाट्यानं तसाच नकाशा काढून देतो, लाल रेघ, सुबक अक्षरं, सगळं.

चेतनानं टेबलावर दोन छापील कागद ठेवले आणि आपल्या जागेवर गेली. वाचले नाहीत. मागची बाजू कोरी होती, तिच्यावर माझ्या तपासाची यादी केली.

गुरुवार, २० नोव्हेंबर

अब्बा रात्रीचं मनात ठेवून होते. सकाळी चहा घेता घेता म्हणाले, "भरेल काटाशी काय भांडी ऱ्हायनी? रिकामा देखा का?"

उर्दूत नाही, अहिराणीत म्हणाले. म्हणजे बापाचा सल्ला नव्हता, कारागिराचा होता.

ऑफिसात जाऊन सगळ्या खिडक्या बंद केल्या. 'बंद करू नये'वाली पण. नवी उघडली आणि खोलीत न शिरता उंबऱ्याबाहेर उभी राहिले. चिठ्ठी बघितली: आमचं फोल्डर. बरोबर! खोलीत शिरले: भलतं. बाहेर आले: कोरी. आमची जुनीही परत लावली नाही त्यानं. पुन्हा केलं. पुन्हा तेच. दहा वेळा केलं, कारण मजा यायला लागली.

म्हणजे चिठ्ठी खोलीत बदलत नाही, खोलीबाहेरही नाही. उंबऱ्यावर कुणीतरी बसलंय.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

उंबऱ्यावरचा सापडला. खोलीत शिरताना पॅकेज मॅनेजर एका फोल्डरातल्या छोट्या छोट्या फाइली ओळीनं चालवतो. त्यांत एक नवी फाइल, जेमतेम सात ओळींची. एका पॅकेजच्या नव्या आवृत्तीबरोबर आलेली. तिचं काम एकच, चिठ्ठीवर स्वतःच्या फोल्डराचं नाव लिहिणं. जुनी जपून ठेवायची तिला आठवणही नाही.

आता फक्त चेतनाचं ग्राफचं पॅकेजच ते, एवढं दाखवायचं बाकी होतं. ते नव्हतं. तिच्या पॅकेजनं कुठल्याच चिठ्ठीला हात लावलेला नाही. मग ही आली कधी? तपासाची यादी पुढे लिहायला चेतनाचा तोच कागद घेतला आणि जागा संपली म्हणून उलटला.

पॅकेज मॅनेजरच्या नोंदींचा छापील कागद होता तो. ती फाइल आणणाऱ्या आवृत्तीभोवती पेन्सिलीनं गोल केला होता. बाजूला काही लिहिलं नव्हतं, नुसता गोल. चव्वेचाळीस बदल, ३ नोव्हेंबर, दुपारी २ वाजून १० मिनिटं.

तीन तारखेला ऑफिसात कोण होतं ते आठवेना. म्हणून ही वही मागे चाळली.

'ऑफिसात मी एकटीच राणी.'

'म्हटलं, घे बाबा.'

मोठी खिडकी उघडी होती तोवर तिच्यात जुनीच चिठ्ठी होती, म्हणून बारा तारखेपर्यंत सगळं बरोबर आलं. लाइट गेली, खिडकी गेली, नवी खिडकी नव्या चिठ्ठीनं उघडली. लाइट गेल्यावर मी लिहिलंय, 'उगाच घाबरत होते.'

रडले. लपवत नाही. वर अठरा तारखेचं पान आहे, त्यात मी चेतनाला सर्वांसमोर काय बोलले तेही माझ्याच अक्षरात आहे. ते पान फाडावंसं वाटलं. फाडणार नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आधी काम. माझी एक फाइल उंबऱ्यावर बसवली. नावाप्रमाणे ओळीनं चालतात, म्हणून तिचं नाव झेड-झेडनं सुरू केलं. सगळे आपापल्या चिठ्ठ्या लावून झाले की शेवटी ही आमची लावते. आणि प्रोग्रॅमला शिकवलं, की दुरुस्तीची फाइल सापडली नाही तर नकाशा काढायचा नाही, बोंब मारायची. बारा नकाशे पुन्हा काढले. धनुबाईंचं शेत नाला ओलांडून घरी आलं.

मग चेतनाच्या टेबलाशी गेले. "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग तोंडानं सांगितलं का नाहीस?"

"तू म्हणालीस ना, लॉग बघायला शिकवू नकोस." मग ती म्हणाली, "वाटलं, वाचशील तेव्हा कळेल. तू तर मागे यादी केलीस!" आणि हसली. मला हसू आलं नाही. माफी मागितली, सर्वांसमोर बोलले होते म्हणून सर्वांसमोर मागितली. नवलसिंगभाऊंचीही. ते म्हणाले, "मशीनला दगडाला हात लावायला शिकव, ताई."

भाग्येशभाऊंशी मात्र वाजलं. त्यांचं म्हणणं, नकाशे दुरुस्त व्हयी ग्यात ना, मग पत्र तसंच जाऊ दे. "मोजणीमां त्रुटी व्हती, दुरुस्त करी. संस्थानं नाव ऱ्हाई. नवलसिंगले काय फरक पडस?"

"नवलसिंगभाऊंना पडतो, आणि धनुबाईंनाही पडतो. मोजणी चुकली म्हटलं की समिती फेरमोजणी मागणार. फेरमोजणी म्हणजे दावा परत. मोजणी चुकलेली नाही. मी चुकले."

"आनि हाई तू समितीसमोर सांगशी?"

"लिहूनच आणते."

"नोकरी जाई तुन्ही, गजाला."

म्हटलं, जाऊ दे. अब्बांच्या दुकानात एक स्टूल रिकामं आहे. तोंडानं म्हटलं, पण घरी येईपर्यंत पगाराचाच हिशेब करत होते.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

प्रांतांच्या कार्यालयात अकराला बोलावलं, दीडला आत घेतलं. मी, भाग्येशभाऊ, नवलसिंगभाऊ, धनुबाई. टेबलावर धनुबाईंचे दोन्ही नकाशे, चौदा तारखेचा आणि नवा. वर माझं पत्र. भाग्येशभाऊ खिडकीबाहेर बघत होते.

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. "संगणकावर काम करणारी म्हणजे तुम्हीच?"

"हो. चूक माझी. मोजणी बरोबर आहे."

"एकाच शेताचे दोन नकाशे दिलेत. पहिला देतानाही बरोबरच म्हणत होतात. मग हा दुसराही चुकीचा नसेल कशावरून?"

खरं सांगते, या प्रश्नाचं उत्तर मी पाठ केलं नव्हतं. उंबरा, चिठ्ठी, झेड-झेड, सगळं डोक्यात गर्दी करून आलं आणि त्यातलं एकही इथे चालणार नव्हतं. मी म्हटलं, "माझ्यावर विश्वास ठेवू नका, साहेब. रिकामा काटा बघा. नकाशावरची लाल रेघ आणि दगडांचे ठिपके कागदानं झाका आणि धनुबाईंना विचारा."

भाग्येशभाऊंनी कपाळाला हात लावला. साहेबांना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी नव्या नकाशावर एक पातळ कोरा कागद ठेवला, नाला आणि पायवाट तेवढी पेन्सिलीनं उतरवून घेतली आणि तो बाईंसमोर सरकवला. नवलसिंगभाऊंनी फक्त दोन शब्द सांगितले, नाला आणि वाट. साहेबांनी त्यांना मागे उभं केलं.

धनुबाईंनी चप्पल काढली. का ते मला माहीत नाही, कदाचित शेतात जाताना काढत असतील. मग कागदावर बोट ठेवून चालायला लागल्या. नाल्याच्या वळणापाशी थांबल्या, पहिला दगड. वर सरकल्या, दुसरा. प्रत्येक ठिकाणी बोट दोनदा टेकवत होत्या, एकदा स्वतःचं, एकदा शेजाऱ्याच्या नावाचं. साहेब प्रत्येक टेकीला पेन्सिलीनं खूण करत होते. वाटेला लागून एका जागी बाई थांबल्या, साहेबांकडे बघून मराठीत म्हणाल्या, "झाड." झाड सोडून एकूण अकरा खुणा.

साहेबांनी कागद नव्या नकाशावर बसवला आणि उजेडाकडे धरला. बाईंचं बोट काही मशीन नव्हे, खुणा मागेपुढे होत्या. पण अकरा दगडांना अकरा खुणा, आणि झाड होतं तिथेच झाड. मग तोच कागद चौदा तारखेच्या नकाशावर ठेवला. बाईंचं शेत एकीकडे, माझं दुसरीकडे.

"फेरमोजणीची गरज नाही," साहेब म्हणाले. "बाराही दावे आजच घेतो. तुमचं पत्र फाइलला राहील."

"राहू द्या," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं बहुतेक, कारण शिपायानं आत डोकावून बघितलं.

चारला धनुबाईंच्या दाव्यावर शिफारशीची सही झाली. बाहेर आल्यावर बाईंनी माझा हात धरला, बोटं उघडून बघितली आणि पावरीत काही म्हणाल्या. नवलसिंगभाऊ म्हणाले, "म्हणतात, हात मऊ आहे, पण चालेल."

गुरुवार, २७ नोव्हेंबर

नोकरी गेली का राहिली ते भाग्येशभाऊंनी दोन दिवस सांगितलं नाही. आज आले, माझ्या मॉनिटरवरचा 'ही खिडकी बंद करू नये' कागद ओढून काढला, चोळामोळा करून टोपलीत टाकला आणि म्हणाले, "उद्या आनखी बारा मोजनी येतीस." एवढंच. म्हणजे नोकरी राहिली.

चेतना म्हणाली, झेड-झेड फाइलीच्या डोक्यावर ती का बसवली ते लिहून ठेव, पुढे येणाऱ्याला कळेल. ती इंजिनिअर आहे, तिचं ऐकावं. पहिल्या ओळीत लिहिलं: 'तीन नोव्हेंबरला गजालानं न वाचता हो म्हटलं. बारा शेतं सरकली. ही फाइल काढू नये.' संध्याकाळी अब्बा ऑफिसात न्यायला आले, त्यांना दाखवलं. ते मराठी अक्षर हळू वाचतात. वाचून झाल्यावर म्हणाले, "तारीख टाकी, चांगलं करं."

मग निघण्याआधी मोठी खिडकी मुद्दाम बंद केली. मशीनच बंद केलं. पुन्हा सुरू केलं, वीस मिनिटं बसून राहिले, धनुबाईंचा नकाशा काढला. मोहाचं झाड जागच्या जागी होतं.